वहीतल्या तीन खुणा

३ ऑक्टोबर, सोमवार

ही वही क्रमांक दोन. वही क्रमांक एक शनिवारी संध्याकाळी सात नंबरच्या बसमध्ये राहिली.

शहर बस सेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत बावीस वर्षं मुख्य कारकून असलेल्या माणसाने बसमध्ये वस्तू विसरावी, हे दंतवैद्याचे दात किडण्यासारखं आहे. कुणाला सांगायची सोय नाही.

वही लिहायला मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मनाच्या डॉक्टरांकडे जायला साहेबांनी सांगितलं होतं. जूनमध्ये एक वृद्ध गृहस्थ आपली काठी मागायला आले. काठी त्यांचीच आहे याला पुरावा नव्हता, म्हणून मी त्यांना काठीशिवाय चार पावलं चालून दाखवायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला ते माझ्या टेबलावर पडले. काठी त्यांचीच निघाली. तरीही साहेब म्हणाले, "तुमचं काहीतरी बिनसलंय." त्याआधी दोनदा मी वखारीत, म्हणजे सापडलेल्या वस्तू ठेवतो त्या आतल्या खोलीत, कुणाच्या तरी हरवलेल्या खुर्चीवर दोन-दोन तास बसून होतो, तेही त्यांच्या कानावर गेलं असावं.

डॉक्टर म्हणाले, "रोज लिहा. मनात येईल ते. कुणाला दाखवू नका."

मी विचारलं, "किती प्रतींत?"

त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. एकाच प्रतीत.

४ ऑक्टोबर, मंगळवार

वही सापडली. सात नंबरच्या कंडक्टरने सकाळी आणून दिली. निळं कव्हर, कोपरा दुमडलेला. वस्तू क्रमांक ९३२. मीच आपल्या हाताने नोंद केली, चिठ्ठी बांधली आणि कागदपत्रांच्या फळीवर ठेवली. अक्षर चांगलं आलं.

आता ती परत मिळवायची तर अर्ज करावा लागणार. वह्या, पत्रं, रोजनिशा यांच्यासाठी नियम अकरा आहे. मागणाऱ्याने आतल्या मजकुरातल्या तीन खुणा तोंडी सांगायच्या. त्या मालकाखेरीज कुणाला ठाऊक असण्यासारख्या नसाव्यात. दुय्यम कारकुनाने वही उघडून पडताळायचं. पटलं नाही तर अर्ज नामंजूर. पंधरा दिवसांत मालक ठरला नाही तर वही मुख्य कचेरीत जाते आणि तिथे साहेब ती चाळतात. नियम अकरा मी लिहिला आहे. त्या काळी एका माणसाने दुसऱ्याचीच प्रेमपत्रं पळवली होती.

आमच्याकडे दुय्यम कारकून एकच, शिक्केबाई. दीड वर्षापूर्वी लागल्या. शिक्का असा मारतात की शेजारच्या टेबलावरची पेन्सिल घरंगळते. मीच त्यांना तयार केलं आहे, त्यामुळे त्या कुणाला म्हणून सवलत देत नाहीत.

पंधरा दिवस म्हणजे १९ तारखेपर्यंत. पान चौदा साहेबांच्या नजरेला पडलं तर माझी नोकरी गेली. आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे ४१७ जाईल.

५ ऑक्टोबर, बुधवार

४१७ बद्दल इथेही लिहावं लागणार. काल रात्रभर तेच डोक्यात होतं.

वस्तू क्रमांक ४१७ म्हणजे कुकरचं झाकण. मूठ ढिली. ते माझ्या ताईचं आहे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिने लग्न केलं नाही, मी केलं नाही, आणि दोघंही एकमेकांना सांगायचो की तुझ्यामुळे राहिलं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ती झाकणाची मूठ बसवायला निघाली आणि झाकण सात नंबरमध्ये विसरली. सोमवारी ते माझ्यासमोर आलं. मी रीतसर नोंद केली. संध्याकाळी घरी सांगितलं.

"आणलंस?"

"कसं आणणार? अर्ज कुठाय? मालकाने स्वतः यायचं, नाहीतर नेणाऱ्याचं नाव लेखी द्यायचं."

"अरे, माझं झाकण, तुझी कचेरी!"

"म्हणूनच."

"आपल्याच भावाच्या दारात रांगेत उभी राहू? मेले तरी येणार नाही!"

मंगळवारी मी मुख्य कचेरीत बैठकीला गेलो होतो. बुधवारी ती माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेली.

तेव्हापासून झाकण तिसऱ्या फळीवर आहे. नव्वद दिवसांनी मालक नसलेली वस्तू लिलावात जाते. एकोणनव्वदाव्या दिवशी मी चिठ्ठीवरची तारीख खोडली आणि नवी घातली. मग पुन्हा. एकूण चार वेळा. बावीस वर्षांतला माझा हा एकमेव गुन्हा, आणि मी तो चार वेळा केला. अर्ज करून झाकण नेता येत नाही, कारण मालक नाही आणि मालकाचं पत्र नाही. तसंच उचलून नेणं म्हणजे चोरी. मग तिला नाही म्हटलं ते तरी कशाला?

हे सगळं वही क्रमांक एकच्या चौदाव्या पानावर आहे. आता या वहीतही आहे. ही हरवता कामा नये.

६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला अर्ज केला. जेवणाच्या सुट्टीत खिडकीच्या बाहेरच्या बाजूला रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे बाहुली हरवलेली एक बाई होत्या, मागे कुणी नव्हतं. शिक्केबाई म्हणाल्या, "पुढे या. नाव?"

"बाई, मीच."

"नाव, सर."

मनातून बरं वाटलं. मी बेताच्या खुणा काढून ठेवल्या होत्या. एक, पहिल्या पानावर डॉक्टरांचा फोन नंबर. दोन, नवव्या पानावर किराणा मालाची यादी. तीन, शाई काळी.

त्या पडताळायला आत गेल्या. फोन नंबर, यादी आणि शाई पाहायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल.

"धूळ," त्या म्हणाल्या.

वखार झाडून घ्यायची नोंद मी लगेच केली. मग त्यांनी नाक पुसलं आणि अर्जावर शिक्का मारला. नामंजूर. "फोन नंबर कुणालाही ठाऊक असेल. किराणा सगळ्यांच्या घरात येतो. शाई ही खूण नाही. मालकाखेरीज कुणाला माहीत नसेल असं सांगा, सर. तुमचाच नियम आहे."

बरोबर होतं. एवढी चोख पडताळणी मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. फार वाईट वाटलं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

शिक्केबाईंनी आज दोन डबे आणले आणि एक माझ्यासमोर ठेवला. "घरी स्वयंपाक कोण करतं, सर?" मी म्हटलं, मीच, उघड्या पातेल्यात. त्यांनी मान फिरवली. पुन्हा धूळ. झाडूवाल्याला सक्त ताकीद दिली आहे.

मग एकदम म्हणाल्या, "सर, लहानपणी घरी तुम्हाला काय म्हणायचे हो?"

"कचेरीत टोपणनावं चालत नाहीत, बाई."

"कचेरीत नाही. पण खिडकीच्या त्या बाजूला उभं राहून सांगितलंत तर चालेल."

या बाईंना काय झालं आहे कळत नाही. त्यांनाही डॉक्टर सुचवावेत का?

१० ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर. त्यांना सगळी हकीकत सांगितली, म्हणजे वही हरवल्याची. पान चौदा वगळून.

"वखारीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग जाऊन उचला की वही!"

मी विचारलं, "तुम्ही स्वतःच्या कपाटातलं औषध चिठ्ठीशिवाय घेता का?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

या माणसावर यापुढे किती विश्वास ठेवायचा याचा विचार करावा लागेल. निघताना त्यांनी विचारलं, वहीत असं काय आहे जे तोंडाने सांगता येत नाही? मी म्हटलं, तोंडाने सांगता आलं असतं तर तुम्ही वही लिहायला कशाला सांगितलं असतंत? त्यांनी पुन्हा कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांचीही वहीच आहे, फक्त ती माझ्याबद्दल आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार

लिलावाची यादी यंदा शिक्केबाईंनी केली. छत्र्या, हातमोजे, दोन पिंजरे, एक तुतारी. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. ४१७ नाही.

चिठ्ठीवरच्या तारखेने ते या वेळी यादीत यायलाच हवं होतं. पाचव्यांदा खोडायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

"बाई, ४१७..."

"ते यादीत बसत नाही, सर." मान वर न करता.

"का?"

"नियमाने."

म्हणजे यांना कळलं आहे. खोडलेल्या तारखा पाहिल्या आहेत, आणि मला पाठीशी घालण्यासाठी खोटी यादी केली आहे. एका सरळ बाईला मी गुन्ह्यात ओढलं. पुढे विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी तिसऱ्या फळीसमोर जाऊन उभा राहिलो.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरा अर्ज. या वेळी थोडं धाडस केलं. चौदाव्या पानावर पाच ओळी खोडलेल्या आहेत, असं सांगितलं.

"खोडलेल्या ओळींत काय आहे?"

"ते खोडलंय ना."

"मग तो मजकूर नाही." नामंजूर. या वेळी शिक्का हळू मारला. पेन्सिल जागची हलली नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज कहरच झाला. एका माणसाने माझ्या वहीवर हक्क सांगितला.

साधा पन्नाशीचा माणूस, पिशवी पोटाशी धरलेली. म्हणाला, निळी वही, सात नंबरच्या बसमध्ये. शिक्केबाईंनी खुणा विचारल्या. तो म्हणाला, "एक, घरातलं कुणीतरी गेलं आहे. दोन, लिहिणाऱ्याला वाटतं की चूक आपली आहे. तीन, हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही."

मी खुर्चीतून उठलो. माझी वही या माणसाने वाचली होती की काय?

शिक्केबाई हळूच म्हणाल्या, "काका, हे बहुतेक वह्यांमध्ये असतं. दुसरं काही?"

त्याने सांगितलं. गेल्याच आठवड्यात हरवलेली त्याची स्वतःची वही दुसऱ्या फळीवर निघाली. तीन खुणा जुळल्या, सही झाली, पाच मिनिटांत काम झालं. जाताना तो माझ्या खिडकीशी थांबला.

"तुमचीपण हरवलीय?"

मी त्याला म्हटलं की मी इथला मुख्य कारकून आहे.

"तेच विचारतोय," तो म्हणाला.

१७ ऑक्टोबर, सोमवार

परवा वही मुख्य कचेरीत न्यायला साहेब येणार. वहीचा गठ्ठा बांधायला सुतळी काढून ठेवली.

स्वच्छ लिहितो. मी नियम पाळतो कारण मला दुसरं काही नीट येत नाही. मला कुणाला जवळ घेता येत नाही, समजूत घालता येत नाही. वस्तू मात्र मी कधी चुकीच्या हातात दिली नाही. ताईला हे ठाऊक होतं. म्हणूनच वाटतं की ती रागावून गेली, आणि तिचं बरोबर होतं. एक झाकण आणून दिलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? कुकरचं भांडं घरी ओट्यावर तसंच पडलं आहे. त्यात मी किल्ल्या ठेवतो.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

साडेअकराला काम चालू असताना मी खुर्चीवरून उठलो, बाहेर गेलो आणि रांगेत उभा राहिलो. कर्मचाऱ्याच्या तिसऱ्या अर्जाला रांगेतला एक साक्षीदार लागतो. हाही माझाच नियम. माझ्यामागे एक गृहस्थ होते, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. त्यांनी साक्षीला होकार दिला. बूट शोधल्याशिवाय ते जाणार कुठे?

"खूण पहिली," शिक्केबाई म्हणाल्या.

"माझी ताई मला शेवटचं जे बोलली ते त्यात आहे. 'मेले तरी येणार नाही.' मी तिला अर्ज करायला सांगितला होता. स्वतःच्या बहिणीला."

बुटाचे गृहस्थ जरा मागे सरकले.

"दुसरी?"

"वस्तू ४१७ ची तारीख मी चार वेळा खोडली आहे. बाई, तुमचा यात काही दोष नाही, मी साहेबांना तसं लिहून देईन."

"तिसरी?"

तिसरी काही केल्या सुचेना. पान चौदा डोळ्यांसमोर आणलं. गुन्हा सांगून झाला होता, पाप सांगून झालं होतं. उरली होती फक्त एक ओळ, आणि ती मला या दोन्हीपेक्षा अवघड होती. मागे आता सहाजण उभे होते.

"ती मला," मी म्हटलं, "ठोंब्या म्हणायची. आता तसं म्हणणारं कुणी नाही."

आणि मला रडू आलं. खिडकीचा कट्टा धरून, हरवलेल्या वस्तूंच्या रांगेत, सगळ्यांसमोर. बुटाच्या गृहस्थांनी रुमाल दिला. माझ्या नजरेने नोंदलंच, रुमालावर नाव नव्हतं.

शिक्केबाईंनी शिक्का मारला. मंजूर. पेन्सिल घरंगळून खाली पडली. वही माझ्या हातात दिली, पण खिडकी सोडू दिली नाही. "थांबा, सर. दुसऱ्या वस्तूचं काम आहे." त्या आत गेल्या आणि झाकण घेऊन आल्या. त्याला, आपल्या अर्जांच्या गठ्ठ्यातून काढलेला, एक अर्ज त्यांनी टाचला होता.

अक्षर ताईचं.

तारीख गेल्या ऑगस्टची. मंगळवार. मी बैठकीला गेलो होतो तो.

"मी तेव्हा नवीन होते," शिक्केबाई सांगू लागल्या. "एक आजी आल्या. पाऊण तास रांगेत उभ्या. म्हणाल्या, मी नेणार नाही, माझा भाऊ येऊन नेईल, तो अर्जाशिवाय हात लावायचा नाही. आम्ही एकाच घरातले, पण भांडलोय, म्हणून पत्ता लिहीत नाही, तो शोधून काढेल. नेणाऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाल्या, ठोंब्या. मी म्हटलं, आजी, पूर्ण नाव. म्हणाल्या, पूर्ण ठोंब्या आहे तो. मी तसंच लिहून घेतलं. सर, चौदा महिने मी खिडकीत कुणी ठोंब्या येतो का म्हणून वाट बघितली. अर्ज असलेली वस्तू लिलावात जात नाही, म्हणून ते यादीत नव्हतं. तुम्ही तारखा उगाच खोडल्यात."

"मग वही वाचल्यावर तरी सांगायचंत, बाई!"

"कसं सांगणार? नियम अकराचा शेवट. वहीतलं काहीही, हक्क ठरेपर्यंत, कुणालाही सांगायचं नाही. मालकालासुद्धा." त्यांनी शिक्का बाजूला ठेवला. "मी विचारलं होतं तुम्हाला. घरी काय म्हणायचे ते. तुम्ही म्हणालात, कचेरीत चालत नाही."

ती आली होती. मी बावीस वर्षं या खिडकीच्या आत बसलो आणि माझी बहीण पाऊण तास बाहेर उभी राहिली, ते मला दिसलं नाही. येणार नाही म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी आली. मग बुधवारी गप्प होती ती रागाने नव्हे. मी झाकण घेऊन घरी येतो कधी, ते बघत होती.

अर्जात एक रकाना आहे, 'वस्तू कशी हरवली'. लोक तिथे 'विसरले' एवढंच लिहितात. ताईने लिहिलं होतं: 'झाकण शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. बस भावाच्या कचेरीसमोरून जाते. तो आत दिसतो का ते मी नेहमी बघते. त्या दिवशी दिसला. त्याने जेवण केलं नव्हतं, डबा तसाच होता. बघत राहिले आणि घाईत उतरले.'

"सही करा, सर," शिक्केबाई म्हणाल्या. "नाव अर्जावर आहे तसंच लागेल."

मी अर्जावर आहे तसंच लिहिलं. ठोंब्या. खाली तारीख.

बुटाच्या गृहस्थांनी साक्षीदार म्हणून सही केली. त्यांचा बूट सापडला नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

काल साहेबांना तारखांचं लेखी दिलं. ते म्हणाले, अर्ज होता तर तारखेला अर्थच नाही, म्हणजे गुन्हाही नाही. मी म्हटलं, चार वेळा खोडलंय. ते म्हणाले, डॉक्टरांकडे जात राहा.

आज रजा घेऊन मूठ बसवून आणली. बसमध्ये झाकण दोन्ही हातांनी धरलं होतं. कचेरीसमोर बस जरा थांबते. खिडकीतून पाहिलं. माझी खुर्ची रस्त्यावरून स्पष्ट दिसते. टेबलावर डबा ठेवला असेल तर तोही दिसेल.

भांड्यातून किल्ल्या काढल्या, भांडं घासलं, भात लावला. झाकण बसलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी दचकलो, दुसरीला खाली बसलो, आणि त्यापुढच्या मोजल्याच नाहीत. करपल्याचा वास आला तेव्हा धावत जाऊन गॅस बंद केला. भात तळाशी काळा झाला होता.

ताई असती तर एकच शब्द म्हणाली असती. मीच तो मोठ्याने म्हटला आणि वरचा वरचा भात वाढून घेतला.